श्रोणितल भौतिकी चिकित्सा
श्रोणिगुहेच्या (कमरेखालील हाडांनी वेढलेल्या पोकळीच्या) तळाशी असलेल्या स्नायूंच्या कार्यातील बिघाड व्यायाम, हस्तोपचार, सवयींतील बदल आणि काही उपकरणे यांच्या साहाय्याने दुरुस्त करणाऱ्या शाखेस ‘श्रोणितल भौतिकी चिकित्सा’ म्हणतात. लघवी वा मल यांवर ताबा न राहणे, गर्भाशयादी अंतस्त्ये (पोकळीतील इंद्रिये) खाली उतरणे, काही प्रकारचे बद्धकोष्ठ, ओटीपोटातील चिरकारी वेदना आणि संभोगसमयी होणाऱ्या वेदना हे तिचे प्रमुख विषय होत. हे विकार केवळ अनेक बाळंतपणे झालेल्या स्त्रियांचे, असा समज रूढ आहे. परंतु बालके, अपत्य नसलेल्या तरुणी, पुरुष व वृद्ध या सर्वांत ते आढळतात. वयोपरत्वे त्यांची कारणे बदलतात आणि त्यामुळे उपचारही बदलावा लागतो.

रचना व कार्य : पुढील बाजूच्या जघनास्थीपासून मागील बाजूच्या माकडहाडापर्यंत झोळीसारख्या पसरलेल्या स्नायूंच्या थरास श्रोणितल म्हणतात. गुदोन्नायक स्नायू हा त्याचा मुख्य घटक होय. या थरातून मूत्रमार्ग, गुदमार्ग आणि स्त्रियांमध्ये योनिमार्ग बाहेर पडतात. त्रिकास्थीच्या पातळीवरील मेरुतंत्रिकांच्या, मुख्यतः दुसरी ते चौथी यांच्या, शाखा या स्नायूंना मिळतात.

मूत्राशय, गर्भाशय व गुदांत्र यांना खालून आधार देणे आणि मूत्रमार्ग व गुदमार्ग बंद ठेवण्यास मदत करणे, ही या स्नायूंची मुख्य कार्ये होत. खोकताना, शिंकताना किंवा ओझे उचलताना उदरातील दाब एकदम वाढतो. त्या क्षणी श्रोणितलाचे आकुंचन झाले नाही, तर लघवीचे थेंब सुटतात. उलटपक्षी, मूत्रोत्सर्ग व मलोत्सर्ग यांवेळी हेच स्नायू पूर्णपणे सैल व्हावे लागतात. म्हणजे योग्य वेळी आवळणे व योग्य वेळी सैल होणे, अशा दोन्ही क्षमता आवश्यक असतात. या स्नायूंतील बहुसंख्य तंतू मंद गतीने आकुंचन पावणारे व दीर्घकाळ टिकाव धरणारे असतात, तर थोडे जलद आकुंचन पावणारे असतात. या कारणाने व्यायामातही दीर्घ व जलद अशा दोन्ही आकुंचनांचा समावेश करतात.

इतिहास : गुद व जननेंद्रिय यांमधील भागाचे आकुंचन करण्याची क्रिया भारतात जुन्या काळापासून ज्ञात आहे. हठयोगप्रदीपिका या ग्रंथात ‘मूलबंध’ या नावाने तिचे वर्णन आढळते. मात्र तेथील मुख्य उद्दिष्ट योगसाधनेचे आहे. पाश्चात्त्य देशांत ब्रिटिश नर्तकी व भौतिकी चिकित्सक मार्गारेट मॉरिस यांनी १९३६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात प्रसूतीनंतरच्या व्यायामांत श्रोणितलाच्या आकुंचनाचा समावेश केला. अमेरिकन स्त्रीरोगतज्ञ आर्नल्ड केगल यांनी १९४८ मध्ये या व्यायामाची पद्धतशीर मांडणी केली. योनिमार्गात ठेवून आकुंचनाचा दाब मोजणारे उपकरणही त्यांनी वापरात आणले, त्यामुळे रुग्णास आपली प्रगती प्रत्यक्ष पाहता येऊ लागली. पुढे हा व्यायाम ‘केगल व्यायाम’ या नावाने सर्वत्र परिचित झाला. परंतु उपकरण व प्रत्यक्ष तपासणी मागे पडून बहुधा केवळ तोंडी सूचनाच उरल्या. एलिझाबेथ नोबल यांच्या पुढाकाराने १९७७ मध्ये अमेरिकेतील भौतिकी चिकित्सकांच्या राष्ट्रीय संघटनेत या विषयाचा स्वतंत्र विभाग स्थापन झाला.

तोंडी सूचना अपुरी का पडते, हे अमेरिकेत १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातून दिसून आले. थोडक्यात तोंडी सूचना दिलेल्या ४७ स्त्रियांपैकी सुमारे निम्म्या स्त्रियांनाच आकुंचन बरोबर जमले. सुमारे एक चतुर्थांश स्त्रियांची कृती तर विकार वाढविण्यास कारणीभूत ठरू शकेल अशी होती. स्नायू वर ओढून घेण्याऐवजी श्वास रोखून खाली जोर करणे, ही नेहमी आढळणारी चूक होय. याउलट, योग्य कौशल्य थोडक्या काळातही उपयोगी पडते. खोकण्याच्या क्षणापूर्वी जाणीवपूर्वक आकुंचन करण्यास शिकलेल्या वयस्क स्त्रियांमध्ये आठवडाभरातच लघवी सुटण्याचे प्रमाण कमी झाल्याचे १९९८ मध्ये अमेरिकेतील एका अभ्यासात आढळले. इतक्या अल्पावधीत स्नायूंचे बळ वाढत नसल्यामुळे हा परिणाम आकुंचनाची वेळ साधण्याचा होता, हे उघड आहे.

तपासणी व उपचारपद्धती : प्रथम रुग्णाचे पूर्ववृत्त घेतात व दिवसभरात घेतलेले पेय पदार्थ, लघवीच्या वेळा व प्रमाण यांची नोंद काही दिवस ठेवावयास सांगतात. त्यानंतर पाठ, नितंब, श्वसनाची पद्धती व उदराचे स्नायू पाहतात. आवश्यक असल्यास व रुग्णाची स्पष्ट संमती असल्यासच योनिमार्गातून किंवा गुदद्वारातून बोटाने परीक्षा करतात आणि आकुंचनाचे बळ शून्य ते पाच अशा श्रेणीत नोंदवितात. अंतर्गत तपासणी नको असल्यास पोटावरून केलेल्या श्राव्यातीत ध्वनिचित्रणाने (सोनोग्राफीने) आकुंचनाची दिशा पाहता येते.

स्नायू दुर्बल असल्यास बळ व टिकाव वाढविणारा व्यायाम देतात. ब्रिटनमधील राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार दिवसातून तीन वेळा, प्रत्येक वेळी किमान आठ आकुंचने आणि देखरेखीखाली किमान तीन महिने, असा हा क्रम असतो. लघवी करताना धार मध्येच थांबविण्याचा प्रयोग व्यायाम म्हणून नित्य करू नये. त्यामुळे मूत्राशय पूर्ण रिकामे होण्यात अडथळा येऊ शकतो. आकुंचनाची जाणीवच नसलेल्या रुग्णांस जैव प्रत्याभरण (स्नायूंची हालचाल पडद्यावर किंवा ध्वनीने दाखविणारी पद्धती) उपयोगी पडते. काहींना सौम्य विद्युत् उद्दीपन देतात.

स्नायू सतत ताठर असल्यास उपचार याच्या उलट असतो. दीर्घ श्वसन, ताण देणारी आसने, हस्तोपचार व शिथिलनाचे शिक्षण यांवर भर देतात. अशा रुग्णाने आवळण्याचा व्यायाम केल्यास वेदना वाढण्याचा संभव असतो. त्यामुळे तपासणीवाचून सर्वांना एकच व्यायाम सांगणे अयोग्य ठरते.

बाल्यावस्था : दिवसा कपडे ओले होणे, लघवी दीर्घकाळ रोखून धरणे व वारंवार होणारे मूत्रमार्गाचे संक्रामण यांमागे पुष्कळदा बद्धकोष्ठ असते. मलाने फुगलेले गुदांत्र मूत्राशयावर दाब आणते. शाळेतील अस्वच्छ शौचालये टाळण्यासाठी मूल लघवी रोखते व हळूहळू स्नायू सैल सोडण्याची क्रियाच विसरते. अशा मुलांना ठराविक वेळी शौचालयात जाणे, पाय टेकतील अशा रीतीने बसणे, पुरेसे पाणी पिणे आणि घाई न करता लघवी पूर्ण करणे हे शिकवितात. अंतर्गत तपासणीची आवश्यकता सहसा नसते. मुलास रागावणे वा शिक्षा करणे निरुपयोगी व अपायकारक असते, हे पालकांना समजावून सांगणे हा उपचाराचाच भाग होय.

तारुण्य : योनिआकर्ष (प्रवेशाच्या प्रयत्नाने योनिमार्गाचे स्नायू अनैच्छिकपणे आवळले जाणे), वेदनायुक्त संभोग व चिरकारी ओटीपोटदुखी यांमध्ये शिथिलनाचे शिक्षण महत्त्वाचे ठरते. उड्या मारणे, धावणे, वजने उचलणे अशा क्रीडाप्रकारांत भाग घेणाऱ्या, अपत्य नसलेल्या तरुणींतही लघवी सुटण्याची तक्रार आढळते.

गर्भारपण व प्रसूती : वाढत्या गर्भाचा भार व संप्रेरकांमुळे ऊतकांत होणारे बदल यांचा ताण श्रोणितलावर पडतो. प्रसूतीच्या वेळी ते अतिशय ताणले जाते व कधीकधी फाटते. गर्भारपणाच्या प्रारंभापासून व्यायाम करणाऱ्या स्त्रियांमध्ये शेवटच्या महिन्यांत व प्रसूतीनंतरच्या पहिल्या सहामाहीत लघवी सुटण्याचे प्रमाण कमी राहते. महाराष्ट्रात बाळंतिणीचे पोट बांधण्याची रीत आहे. पट्ट्याने तात्पुरता आधार वाटला, तरी त्यामुळे स्नायू बळकट होत नाहीत व व्यायामाची गरज कमी होत नाही. सर्वसाधारण प्रसूतीनंतर वेदना होत नसल्यास हलकी आकुंचने पहिल्या काही दिवसांतच सुरू करता येतात.

ऋतुनिवृत्ती व वार्धक्य : ऋतुनिवृत्तीनंतर स्त्रीमदजनाचे प्रमाण घटून ऊतके पातळ व दुर्बल होतात. अंतस्त्ये खाली उतरण्याच्या विकारास बोलीत ‘अंग बाहेर येणे’ असे म्हणतात. याच्या सौम्य व मध्यम अवस्थांत व्यायामाने लक्षणे कमी होतात, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४४७ स्त्रियांवरील बहुकेंद्री चाचणीत दिसून आले. अंग पूर्णपणे बाहेर आले असल्यास मात्र आधारकडे (पेसरी) वा शस्त्रक्रिया यांचा विचार करावा लागतो. खोकताना वा शिंकताना लघवी सुटण्याच्या विकारासंबंधी २०१८ मध्ये केलेल्या पद्धतशीर समालोचनानुसार व्यायाम करणाऱ्या स्त्रियांपैकी सुमारे ५६ टक्के स्त्रियांनी विकार बरा झाल्याचे सांगितले. उपचार न घेणाऱ्या गटात हे प्रमाण सुमारे ६ टक्के होते.

वृद्धांमध्ये लघवीची एकाएकी व अनावर भावना होणे ही तक्रार वाढते. रात्री घाईने उठताना पडून अस्थिभंग होण्याचा धोका असल्याने तिच्याकडे दुर्लक्ष करणे योग्य नव्हे. दोन वेळांतील अंतर क्रमाक्रमाने वाढविणे, चहा-कॉफीचे प्रमाण कमी करणे आणि शौचालयाची वाट उजेडाची व मोकळी ठेवणे, हे साधे उपायही लाभदायक ठरतात.

पुरुषांतील उपयोग : कर्करोगासाठी अष्ठीला ग्रंथी (प्रोस्टेट ग्रंथी) पूर्णपणे काढून टाकल्यानंतर पुष्कळ रुग्णांचा लघवीवरील ताबा काही काळ नाहीसा होतो. बेल्जियममधील १०२ रुग्णांवरील, २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तीन महिन्यांनंतर व्यायाम शिकविलेल्या गटातील ८८ टक्के व दुसऱ्या गटातील ५६ टक्के रुग्णांना ताबा परत मिळाला होता. काळाबरोबर आपोआपही सुधारणा होत असल्याने दोन्ही गटांतील अंतर पुढे कमी होत गेले. तथापि लवकर मिळालेला ताबा रुग्णाच्या दृष्टीने मोलाचा असतो.

मर्यादा : लघवीतून रक्त जाणे, ऋतुनिवृत्तीनंतर पुन्हा रक्तस्राव होणे किंवा ज्वरासह वेदना असणे, अशा वेळी प्रथम वैद्यकीय निदान आवश्यक असते. तीव्र पाठदुखीबरोबर मांड्यांच्या आतील भागास बधिरता येऊन लघवी एकाएकी अडणे वा सुटणे हे मेरुरज्जूखालील तंत्रिकांवर दाब आल्याचे लक्षण असू शकते. अशा रुग्णास विनाविलंब रुग्णालयात नेणे जरूर असते.

भारतातील स्थिती : मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५० नंतरच्या दशकाच्या प्रारंभी भौतिकी चिकित्सेचे शिक्षण सुरू झाले. त्यावेळी पोलिओग्रस्तांचे पुनर्वसन ही निकडीची गरज होती. संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांच्या नियमनासाठी २०२१ मध्ये संमत झालेल्या केंद्रीय कायद्यात भौतिकी चिकित्सकांचा समावेश आहे. श्रोणितलाचे उपचार करणारे प्रशिक्षित चिकित्सक मात्र मुख्यतः मोठ्या शहरांत आढळतात. डोक्यावर पाणी व सरपण वाहणाऱ्या, बाळंतपणानंतर लवकरच शेतावर जाणाऱ्या स्त्रियांना या उपचाराची गरज अधिक असूनही तो त्यांच्यापर्यंत क्वचितच पोहोचतो.

संकोच हा दुसरा अडथळा होय. लघवी सुटू नये म्हणून पाणी कमी पिणे, प्रवास व समारंभ टाळणे, तक्रार वर्षानुवर्षे मनात ठेवणे असे अनेक जण करतात. ‘वयाप्रमाणे चालायचेच’ हे उत्तर त्यांना घरी मिळते व कधीकधी दवाखान्यातही मिळते. परंतु श्रोणितलाचे स्नायू हे इतर ऐच्छिक स्नायूंप्रमाणेच शिक्षणक्षम असून उतारवयातही त्यांच्यात सुधारणा होऊ शकते. प्रसूतीनंतरच्या नियमित तपासणीत या तक्रारीची विचारणा करणे आणि परिचारिका व आरोग्यसेविका यांना आकुंचनाची योग्य रीत शिकविणे, एवढ्यानेही पुष्कळ रुग्णांना वेळीच उपचार मिळू शकतील.