पळ अडवण्याचे गणित

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये चेंडू घेऊन पळणाऱ्याला कोणता संघ उत्तम अडवतो? दर सामन्यात किती यार्ड जाऊ दिले, हे पाहणे सोपे पण फसवे. पिछाडीवरचा संघ वेळ वाचवण्यासाठी पळणे सोडून चेंडू फेकू लागतो. मग आघाडीवरच्या संघाचा बचाव आपोआप भक्कम दिसतो! म्हणून यार्डांना पळण्याच्या प्रयत्नांनी भागावे.

तरी एक गोम उरतेच. चेंडू फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडले, तर त्याने गमावलेले यार्ड महाविद्यालयीन नोंदींत पळण्यातून वजा होतात. व्यावसायिक एनएफएलमध्ये मात्र फेकीतून. समजा, 30 प्रयत्नांत 90 यार्ड गेले. सरासरी 3. त्यांपैकी 4 वेळा क्वार्टरबॅक पाडला गेला असेल आणि त्यात 30 यार्डांची घट झाली असेल, तर खऱ्या 26 प्रयत्नांत 120 यार्ड गेले. म्हणजे सरासरी 4.6.