हात थरथरला, आता पुढे?

'सेंड' दाबलं आणि लक्षात आलं, चुकीची फाइल गेली! पोटात गोळा, कान गरम. पण आपलं बरं असतं हो, 'सॉरी'चा मेल टाकायचा आणि चहाला जायचं. सर्जनचं काय? समोर पेशंटचं पोट उघडं, शीर फाटलेली, आणि अख्खं ओटी त्याच्याकडे बघतंय.

हा प्रश्न रत्नागिरीत जास्तच टोचतो. इथे सरकारी मेडिकल कॉलेज 2023 साली सुरू झालं, एमबीबीएसच्या 100 जागांचं. कोल्हापूर आंबा घाटापलीकडे, सुमारे 130 किलोमीटरवर. रक्तस्राव सुरू झाल्यावर घाट चढायला वेळ कुठून आणणार? जे करायचं ते तिथल्या तिथेच!

'थंड डोकं जन्मजात लागतं' असं आपल्याला वाटतं. साफ चूक! ते शिकवता येतं. बोटाने दाबून रक्त थांबवा, भूलतज्ज्ञांना मोठ्याने सांगा, सीनियरला हाक मारा. सिम्युलेटरवर याची तालीम करता येते.

अतुल गावंडे हे नाव ऐकलंय? अमेरिकेतले सर्जन, वडील मूळचे यवतमाळ जिल्ह्यातले. जागतिक आरोग्य संघटनेची 2008 ची 19 मुद्द्यांची सर्जिकल चेकलिस्ट त्यांच्याच नेतृत्वाखाली झाली. 8 शहरांतल्या हॉस्पिटलांत ती वापरली, तेव्हा ऑपरेशननंतरच्या मृत्यूंचं प्रमाण 1.5 वरून 0.8 टक्क्यांवर आलं. आणि पुढचं ऐका. याच गावंडेंच्या हातून एका ऑपरेशनमध्ये हृदयाकडे जाणारी मोठी शीर फाटली! पेशंट वाचला, कारण चेकलिस्टमुळे रक्ताच्या 4 पिशव्या आधीच राखून ठेवल्या होत्या. हे त्यांनी स्वतःच 2009 च्या पुस्तकात लिहिलंय.

ऑपरेशन संपलं तरी गोष्ट संपत नाही. पहिला बळी पेशंट, पण चुकलेला डॉक्टर हा 'दुसरा बळी', असं अल्बर्ट वू यांनी 2000 साली लिहिलं. झोप उडते, पुढच्या केसला हात कचरतो. यावर उपाय म्हणजे 'एम अँड एम' मीटिंग. तिथे 'कोण चुकलं?' यापेक्षा 'काय चुकलं?' हे विचारणं अपेक्षित असतं. सुप्रीम कोर्टानेही 2005 मध्ये स्पष्ट केलंय की, निर्णयातली प्रत्येक चूक म्हणजे निष्काळजीपणा नव्हे.

पण ज्युनियरला 'सर, थांबा' म्हणायची हिंमत होते का? सगळी मेख तिथेच आहे! चेकलिस्टमध्ये टीममधल्या प्रत्येकाने आधी स्वतःचं नाव सांगायचं असतं, ते उगाच नाही. एकदा तोंड उघडलं की पुन्हा उघडणं सोपं जातं.

घरात कुणाचं ऑपरेशन ठरलंय? मग बिनधास्त विचारा, 'डॉक्टर, तुमच्याकडे चेकलिस्ट वाचतात ना?'