मातीविना वाढणारे झाड

आंब्याच्या फांदीवर आलेले बांडगूळ तुम्ही पाहिले असेल. ते फांदीत आपली मुळे घुसवते, आंब्याचा रस पिते. मग फांदी वाळते. म्हणून बांडगूळ दिसले की शेतकरी ते तोडतो. ते योग्यच आहे.

पण झाडावर वाढते ते सगळेच बांडगूळ नव्हे, बरं का! सह्याद्रीच्या रानात ‘सीतेची वेणी’ असते. उन्हाळा सरता सरता फांदीवरून तिचे गुलाबी-पांढरे तुरे लोंबतात. ती झाडाचे काही खात नाही. फक्त बसायला जागा घेते. या कुळाला आमरी म्हणतात. इंग्रजी नाव ऑर्किड.

याच कुळातले एक झाड आता रोपवाटिकांत विकायला असते. त्याचे फूल पंख पसरलेल्या पतंगासारखे दिसते. दिव्यावर झेप घेतो ना, तो पतंग! आपण त्याला पतंग-आमरी म्हणू या. जावा, फिलिपाईन्स अशा उष्ण व पावसाळी बेटांवरच्या रानांत हे झाड मूळचे राहणारे. तिथेही ते झाडांच्या अंगावरच वाढते.

झाड मायेने मरते

लोक हौसेने हे झाड आणतात. कुंडीत काळी माती भरतात. रोज तांब्याभर पाणी घालतात. काही दिवसांनी पाने लुळी पडतात. घरचे म्हणतात, “पाणी कमी पडलं.” आणखी पाणी घालतात. मग झाड जाते, आणि पैसेही जातात.

असे का होते? त्याची मुळे पाहा. ती जाड असतात. त्यांच्यावर पांढरे, पोकळ अस्तर असते. पाऊस आला की ते टीपकागदासारखे पाणी शोषते. मग वारा सुटतो आणि मूळ वरून सुकते. भिजणे आणि सुकणे, अशी त्याची रीत. मातीत ते सारखे ओले राहते. त्याला हवा मिळत नाही. मूळ कुजते. कुजलेले मूळ पाणी ओढू शकत नाही. म्हणून ओल्या कुंडीतही झाड तहानेने मरते!

‘अति तेथे माती’ अशी म्हण आहे. इथे तर मातीच अति होते.

मग काय करावे?

कुंडीला तळाशी व बाजूला भोके असावीत. तिच्यात लाकडी कोळसा, विटांचे तुकडे आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे भरावेत. माती मुळीच नको.

पाणी घालण्याआधी मुळे पाहावीत. मूळ हिरवे असेल तर ते ओले आहे. थांबावे. मूळ रुपेरी दिसले की पाणी घालावे, तेही सकाळी. पाणी भोकांतून पूर्ण निथळू द्यावे. पानांच्या मध्यभागी पाणी साचू देऊ नये. तिथून झाड सडते.

जागा उजेडाची हवी, पण दुपारचे ऊन नको. पूर्वेची पडवी चांगली. कोकणची दमट हवा त्याला मानवते. देशावर उन्हाळ्यात कुंडीभोवतीची जमीन ओली ठेवावी. कडाक्याच्या थंडीत झाड घरात घ्यावे.

खत पाण्यात विरघळणारे घ्यावे. पाकिटावर लिहिलेले प्रमाण वाचावे आणि त्याचा चौथा हिस्साच घालावा. पंधरा दिवसांतून एकदा पुरे. शेणखत नको, ते ओल धरते.

पाने लुळी पडली तर आधी मुळे तपासावीत. मऊ, काळपट मुळे स्वच्छ पात्याने कापावीत. टणक मुळे ठेवावीत. मग कुंडीत नवे तुकडे भरावेत.

रात्री थोड्या गार झाल्या की पानाच्या बगलेतून दांडा निघतो. फुले यायला त्यानंतर सुमारे ३ महिने लागतात. धीर धरावा. आलेली फुले २ ते ३ महिनेही टिकतात.

रानातले रानात असू द्या

आमरीचे बी धुळीसारखे बारीक असते. त्यात कोंबासाठी शिदोरी नसते. रानात बुरशीची साथ मिळाली, तरच ते रुजते. १९२२ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञ नडसन यांनी साखर घातलेल्या खाद्यावर, बाटलीत हे बी रुजवून दाखवले. म्हणून आज अशी रोपे मोठ्या संख्येने तयार होतात. रोपवाटिकेतले रोप घेतल्याने रान उजाड होत नाही.

पण रानातली सीतेची वेणी ओरबाडून विकली, तर तिच्या जागी दुसरी येणे कठीण. तोडताना मुळे तुटतात, आणि नेलेले झाडही बहुधा जगत नाही. तेव्हा फांदीवर आमरी दिसली तर कोयता उचलू नका. ती बांडगूळ नाही. मुलांना दाखवा, आणि तिला तिथेच फुलू द्या.