नगराच्या अर्थजीवनाची मोजदाद

एखाद्या नगराचे वैभव त्यातील सर्वांत उंच धुराड्यावरून ठरविण्याची आपली सवय जुनी आहे. सोलापुरास १८६० साली लोहमार्ग पोहोचला, १८७७ साली पुढे ‘जुनी मिल’ म्हणून प्रसिद्धीस आलेली सूतगिरणी व कापडगिरणी स्थापन झाली, तिच्यामागून नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू या गिरण्या उभ्या राहिल्या, आणि भोंग्याबरोबर उठणाऱ्या व भोंग्याबरोबर घरी परतणाऱ्या कामगारांची वस्ती इतकी वाढली की, गिरणी म्हणजेच सोलापूर अशी लोकांची समजूत होऊन बसली. पुढे गिरण्या एकेक करून बंद पडल्या, तेव्हा श्रीमंत नगर आणि सुरक्षित नगर या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे त्या वस्तीस फार महाग किंमत देऊन कळले.

हा भेद आधीच कळावा म्हणून अर्थशास्त्रज्ञांनी काही मापे सिद्ध केली आहेत, आणि त्यांतील प्रमुख माप शाळकरी गणिताच्या पलीकडचे नाही. नगरातील शंभर कामकऱ्यांपैकी पन्नास कापडात, तीस व्यापारात आणि वीस वाहतुकीत असतील, तर या हिश्शांचे, म्हणजे ०.५, ०.३ व ०.२ यांचे, वर्ग करून बेरीज करावी, ती ०.३८ येते. एकास या संख्येने भागले की सुमारे २.६ हे उत्तर मिळते, म्हणजे धंदे नावाला तीन असले तरी नगराला खरा आधार अडीच-पावणेतीन धंद्यांचाच आहे. नव्वद माणसे गिरणीत आणि दहा अन्य एकाच धंद्यात असतील, तर तेच उत्तर सव्वाच्या आत येते. उलट दहा धंद्यांत दहा-दहा माणसे असतील तर ते पूर्ण दहा भरते. हर्फिंडाल आणि हर्शमन या अर्थशास्त्रज्ञांच्या नावाने ओळखला जाणारा निर्देशांक म्हणजे यातील वर्गांची बेरीजच होय.

परंतु केवळ आकड्यावर विसंबणाऱ्याची येथे फसगत होते. सोलापुरात चादर विणणारा, टॉवेल विणणारा, सूत रंगविणारा आणि विणलेला माल गावोगाव पाठविणारा आडत्या यांची नोंद चार निरनिराळ्या रकान्यांत होईल व विविधतेचा अंक फुगेल. प्रत्यक्षात सुताचा भाव भडकला की या चौघांच्याही घरी एकाच आठवड्यात ओढाताण सुरू होते. म्हणून धंदे किती आहेत, या प्रश्नाहून त्यांच्यावरील संकटे एकाच वेळी येतात की निरनिराळ्या वेळी, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. विविधतेचे मर्म हेच.

याच शहरातील बिडीचा धंदा या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. कारखान्यातून तेंदूची पाने आणि तंबाखू घरी आणायची, पाने भिजवून कातरायची, घरकाम उरकता उरकता बिड्या वळायच्या, आणि कारखान्यात नेऊन दिल्यावर छाट निघालेल्या वगळून हजारी दराने मजुरी घ्यायची, असा बायकांचा दिनक्रम. ही मजुरी तुटपुंजी खरी, पण ती सुताच्या भावावर अवलंबून नव्हती. त्यामुळे पुरुषाची गिरणी बंद पडली तरी पुष्कळ घरांतील चूल या पैशावर पेटत राहिली. आता तंबाखूविरोधी कायदे आणि घटती मागणी यांची टांगती तलवार तिच्यावरही आहे. आणि गंमत अशी की, दारावर पाटी नसलेल्या या घरोघरच्या उद्योगातील बायका आस्थापनांच्या खानेसुमारीतून सहज निसटतात.

टिकाऊपणाची परीक्षा याहून पुढची आहे. नगरात आलेल्या रुपयापैकी साठ पैसे पुनःपुन्हा नगरातच खर्च होत गेले, तर त्या रुपयातून अखेरीस अडीच रुपयांची उलाढाल घडते. वीसच पैसे राहत असतील, तर सव्वा रुपयावर मामला आटोपतो. म्हणून मालक कोठला, कच्चा माल कोठून येतो आणि नफा कोठे जातो, याची चौकशी अवश्य हवी. तितकीच चौकशी पाण्याची हवी; कारण सूत रंगविण्यास पाणी लागते, आणि पर्जन्यछायेतील या शहराची तहान बव्हंशी भीमेवरील उजनी धरणावर भागते. पाण्याचा हिशेब न मांडता काढलेला भरभराटीचा अंक म्हणजे देणी न दाखविणारा ताळेबंदच होय.

अशी मोजदाद आपल्याला अपरिचित नाही. धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली गोखले अर्थशास्त्र संस्थेने केलेल्या पुणे शहराच्या सामाजिक-आर्थिक पाहणीचा पहिला भाग १९४५ साली प्रसिद्ध झाला, आणि सोलापूर शहराविषयीचा त्यांचा अभ्यासग्रंथही १९६५ साली निघाला. वसुलीसाठी ठेवलेल्या दफ्तरांतून कर किती आला हे समजते, पण कोणाची मिळकत कोणावर अवलंबून आहे हे समजत नाही. ते घरोघर जाऊन विचारावे लागते. प्रत्येक महानगरपालिकेने दर पाच वर्षांनी अशी पाहणी करून, सर्वांत मोठा धंदा उद्या बसला तर किती कुटुंबांची मिळकत थांबेल आणि त्यांना दुसरा कोणता धंदा सामावून घेईल, या दोन प्रश्नांची उत्तरे अंदाजपत्रकाबरोबर सभागृहापुढे ठेवावीत. एवढी तजवीज झाली, तर नव्या कारखान्याला जमीन देताना केवळ त्याच्या आकाराकडे न पाहता, आधीच्या धंद्यांहून त्याचे नशीब वेगळे आहे काय, हे विचारण्याची सवय नगराच्या कारभाऱ्यांना लागेल.