'आत्ता येतो' : पाटी, संगणक आणि खरेपणा

खडेबाजारात आमच्या दुकानाशेजारी एका शिंपीमास्तरांचे दुकान आहे. दाराला एक पाटी टांगलेली असते. तिच्यावर मराठीत 'आत्ता येतो' आणि खाली कन्नडमध्ये 'ईग बरतेनि' असे लिहिले आहे. पाटी पालथी केली की 'दुकान चालू आहे'. पुष्कळदा मास्तर चहा घेऊन परत येतात, मशीनवर बसतात आणि पाटी उलटायची विसरतात. गिऱ्हाईक लांबूनच वाचून माघारी जाते.

संगणकावरील संदेशवहनात या पाटीलाच 'स्टेटस' म्हणतात. ती वेळापत्रकाप्रमाणे आपोआप उलटावी म्हणून गेल्या सुटीत मी एक लहानसा प्रोग्राम लिहिला. त्यामागचे तत्त्व आणि माझ्या हातून झालेली चूक प्रस्तुत लेखात सांगावयाची आहे. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. जाणकारांनी सांभाळून घ्यावे.

ज्या प्रोग्रामला मी ही जोड दिली त्याचे नाव 'पिजिन'. अमेरिकेतील ऑबर्न विद्यापीठात शिकत असलेल्या मार्क स्पेन्सर या विद्यार्थ्याने १९९८ च्या अखेरीस तो लिहिला. 'एओएल' कंपनीची संदेशसेवा लिनक्सवर वापरता यावी हा त्याचा मूळ हेतू. त्याचे पहिले नाव 'गेम' होते. त्या नावात आपल्या 'एआयएम' या सेवेचे नाव येते, अशी एओएलची हरकत होती. अखेर २००७ साली 'पिजिन' हे नाव ठेवण्यात आले. दोन भाषांचे लोक व्यापारासाठी एकत्र आले की जी कामचलाऊ मिश्र भाषा तयार होते तिला पिजिन म्हणतात. आपल्या शनिवारच्या बाजारात वावरणाऱ्याला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. प्रोग्रामही तेच काम करतो : निरनिराळ्या सेवांच्या निरनिराळ्या बोली तो एकाच खिडकीत आणतो. गंमत अशी की एओएलची ती सेवा डिसेंबर २०१७ मध्ये बंद पडली. पिजिन मात्र टिकून आहे.

तो टिकण्याचे एक कारण म्हणजे तो 'मुक्त स्रोत' आहे. त्याची वही उघडी आहे. कोणीही वाचावी, दुरुस्त करावी, पुढे द्यावी. शिवाय मूळ प्रोग्रामला हात न लावता त्याला बाहेरून तुकडा जोडता येतो. या तुकड्याला 'प्लगिन' म्हणतात. तो सी भाषेत लिहून तयार करावयाचा, आपल्या 'डॉट पर्पल' फोल्डरातील 'प्लगिन्स' या कप्प्यात ठेवावयाचा आणि यादीत त्याच्यापुढे खूण करावयाची.

आता पाटीकडे वळू. आमच्या अभ्यासगटातील सात जण 'एक्सएमपीपी' या पद्धतीने एकमेकांशी बोलतो. मी पाटी बदलली की ती बातमी प्रथम सर्व्हरकडे जाते आणि सर्व्हर ती, ज्यांना मी परवानगी दिली आहे त्यांनाच पोचवतो. 'उपलब्ध' याखेरीज 'गप्पांस तयार', 'दूर', 'बराच वेळ दूर' आणि 'व्यत्यय नको' असे चार भेद त्यात सांगता येतात. आयआरसी या जुन्या पद्धतीत मात्र आहे किंवा दूर एवढेच. म्हणून पिजिनमध्ये एक पाटी सर्व खात्यांना लावता येते, तशीच एखाद्या खात्याला वेगळीही लावता येते. अशा पाट्या नाव देऊन जपून ठेवण्याचीही सोय आहे.

माझ्या प्लगिनचे काम साधे होते. दर मिनिटाला घड्याळ पाहावयाचे, वेळापत्रकाशी ताडावयाचे आणि ठरलेली पाटी लावावयाची. सकाळी कॉलेज म्हणून 'दूर', दुपारी दुकान म्हणून 'व्यत्यय नको', संध्याकाळी सात वाजता 'उपलब्ध : हिशेबाच्या शंका विचारा'. कोणी कळफलकाला हात लावला नाही तर काही वेळाने पिजिन स्वतःहून 'दूर' दाखवू शकते. वेळापत्रक असताना तिची काय गरज, म्हणून मी ती सोय बंद केली. पंधरा दिवस सारे सुरळीत चालले आणि मी खुशीत होतो.

एके दिवशी दुपारी आजीची प्रकृती एकाएकी बिघडली. मी हाताने 'दूर' ही पाटी लावली आणि आम्ही तिला घेऊन दवाखान्यात गेलो. घरी संगणक चालूच राहिला. सात वाजले आणि प्लगिनने, मी सांगितल्याप्रमाणेच, माझी पाटी फिरवली. पहिल्या वर्षातील एका मुलाची दुसऱ्या दिवशी चाचणी होती. घसाऱ्याच्या एका उदाहरणावर तो अडला होता. त्याने पाच वेळा विचारले आणि साडेदहापर्यंत वाट पाहिली. दुसऱ्या दिवशी भेटल्यावर तो एवढेच म्हणाला, "दादा, तुम्ही आहात असं दिसत होतं, म्हणून मी दुसऱ्या कुणाला विचारलं नाही."

आजी दोन दिवसांनी घरी आली. त्या मुलाचे वाक्य मात्र मनातून जाईना. मास्तरांच्या पाटीने गिऱ्हाईक परत जाते, पण ते दुसरे दुकान गाठते. माझ्या पाटीने त्याला दारातच बसवून ठेवले होते, आणि तेही माझ्या नावाने.

चूक कोठे होती? प्लगिनला फक्त घड्याळ कळत होते. पाटी शेवटी कोणी लावली हे कळत नव्हते. पाटी बदलली की पिजिन प्लगिनला तसा संकेत देते, परंतु हात कोणाचा ते त्या संकेतात नसते. उपाय हिशेबनिसाचा आहे : प्रत्येक नोंदीखाली सही. प्लगिन स्वतः पाटी बदलण्यापूर्वी एक खूण करते आणि काम झाले की ती पुसते. संकेत आला आणि खूण असली तर बदल आपलाच. खूण नसली तर पिजिनने निष्क्रियतेमुळे तो केला आहे का हे विचारता येते; तसेही नसेल तर बदल माणसाचा. माणसाने हात लावला की वेळापत्रक थांबते आणि तो पुन्हा सांगेपर्यंत थांबलेलेच राहते. निष्क्रियतेची सोयही मी परत चालू केली. दुसरी दुरुस्ती अशी की प्लगिन काढून टाकताना दर मिनिटाची घंटाही बंद करावी लागते. नाही तर जो तुकडा जागेवर नाही त्यालाच हाक मारली जाते आणि सारा प्रोग्राम कोसळतो.

हे सारे ओळींनी मोजले तर फार नाही. परंतु त्या थोड्या ओळींनी कोणाचा शब्द शेवटचा हे ठरवले. यंत्राने आपल्या वतीने बोलावे, यात गैर काही नाही. आपण स्वतः बोललो की त्याने गप्प बसावे, एवढी शिस्त मात्र त्याला आपणच लावली पाहिजे.

त्या मुलाला ते उदाहरण मी नंतर समोर बसून समजावले. मास्तरांना ही सगळी हकीकत सांगितली तेव्हा ते हसले, उठले आणि दाराची पाटी उलटून आले.

— बी. कॉम. भाग २ मधील एक विद्यार्थी