इसबाचा कारभार : शांत दिवसांतील दक्षता

ज्या घरात इसबाने बेजार झालेले लहान मूल आहे, त्या घरातली रात्र मोठी कष्टाने सरते. कोपराच्या आणि गुडघ्याच्या लवणीत सुटणारी खाज मुलाला झोपू देत नाही, त्याच्या तळमळीने आईही जागी राहते, आणि दिवस उजाडताच हितचिंतक मंडळी हमखास गुणाचे उपाय घेऊन दारी उभी राहतात. हा रोग संसर्गजन्य नाही, अस्वच्छतेमुळे होत नाही, आणि पुष्कळशा मुलांत वयोमानाप्रमाणे त्याचा जोर ओसरतो, एवढे तरी सर्वांनी जाणून घेतले पाहिजे. कारण अशा मुलाला पंगतीत किंवा शाळेच्या बाकावर दूर बसवण्याचा अन्याय्य प्रकार अद्यापि घडतो.

आपल्या त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर, ज्याला शृंगस्तर म्हणतात, तो कागदाहूनही पातळ असतो. परंतु शरीरातले पाणी आत राखणे आणि बाहेरच्या उपद्रवी द्रव्यांना मज्जाव करणे, ही दोन्ही कामे त्याच्याकडे आहेत. त्याची रचना चुन्यात बसवलेल्या विटांच्या भिंतीसारखी असते : मृत, चपट्या पेशी या विटा, आणि सेरामाइड, कोलेस्टेरॉल व मेदाम्ले यांचे मिश्रण हा चुना. स्कॉटलंडमधील डंडी विद्यापीठातले अर्विन मॅक्लीन आणि त्यांचे सहकारी यांनी २००६ साली असे दाखवून दिले की, फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकात जन्मतः दोष असलेल्या व्यक्तींना इसब होण्याचा संभव बराच अधिक असतो. हे प्रथिन पेशींना बळकटी देते, आणि पुढे त्याचे विघटन होऊन जे सूक्ष्म घटक बनतात, ते त्वचेत ओलावा धरून ठेवतात व तिची आम्लता राखण्यास साहाय्य करतात. ते उणे पडले की पाणी निसटते, धूळ, साबण आणि जंतू यांना वाट मिळते, आतली प्रतिकारयंत्रणा चवताळते आणि दाह होतो. दाहाने खाज, खाजेने खाजवणे आणि खाजवण्याने त्वचेची आणखी नासधूस, असे हे चक्र चालू राहते. प्रत्येक रुग्णात हा जनुकीय दोष सापडतो असे नाही. परंतु दाहामुळेही फिलॅग्रिन घटते, म्हणून त्वचा दुबळी होण्याचा परिणाम बहुतेकांच्या वाट्यास येतोच.

यावरून त्वचेला स्निग्धता देणारे मलम ही सौंदर्यप्रसाधनाची बाब नसून उपचाराचा पाया आहे, हे ध्यानात येईल. स्नान कोमट पाण्याने आणि पाचदहा मिनिटांत उरकावे. निरोगी त्वचेचा सामू सुमारे पाच, तर नेहमीच्या साबणाचा नऊ ते दहा असतो, म्हणून सुगंधरहित, सौम्य, साबणविरहित द्रव वापरावा. अंग न घासता टिपून घ्यावे आणि ओल पुरती सुकण्याच्या आत सर्वांगाला मलम लावावे. इसब अंगभर असलेल्या मुलाला आठवड्यास पाव किलोपर्यंत मलम लागते, हे ऐकून पुष्कळ पालक चकित होतात. ते महागडेच हवे असे मात्र नाही : लोशन, क्रीम, जेल आणि घट्ट मलम या चार प्रकारांची तुलना करणाऱ्या, २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत परिणामाच्या दृष्टीने चौघांत लक्षणीय फरक आढळला नाही, तेव्हा जे परवडते आणि मूल कुरकुर न करता लावून घेते, तेच उत्तम. बाळाला डाळीच्या पिठाने रगडण्याचा जुना शिरस्ता मात्र अशा त्वचेपुरता सोडून दिला पाहिजे, आणि मोहरीचे वा ऑलिव्हचे तेलही टाळावे, कारण त्यांनी त्वचेचे संरक्षक आवरण दुबळे होते, असे प्रयोगांत दिसून आले आहे.

इसब उसळला म्हणजे नुसत्या स्निग्धतेने भागत नाही. तेथे स्टेरॉइडचे मलम लागते. सल्झबर्गर आणि विटन यांनी १९५२ साली हायड्रोकॉर्टिसोनचा त्वचेवरील उपयोग सिद्ध केल्यापासून हे औषध इसबाच्या उपचारात अग्रस्थानी आहे. त्याच्या भीतीने ते अपुरे लावणे आणि त्याच्या गुणाने लोभावून महिनोन्महिने लावीत राहणे, या दोन्ही गोष्टी सारख्याच घातक होत. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून काढलेली मलमाची रेघ सुमारे अर्धा ग्रॅम भरते, आणि बोटांसह दोन तळहातांएवढ्या जागेला ती पुरते, हे माप घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असावे. आपल्या देशात स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक यांचे एकत्र मिश्रण असलेली मलमे औषधांच्या दुकानातून चिठ्ठीवाचून सर्रास नेली जातात. नायट्यावर ती लावली की खाज तेवढी दबते आणि बुरशी आत फोफावते. केंद्र सरकारने २०१८ साली अशा मलमांवर चिठ्ठीची सक्ती केली खरी, परंतु इसब, नायटा आणि खरूज यांतला भेद त्वचारोगतज्ज्ञाकडून ठरवून घेतल्यावाचून कोणतेही मलम लावू नये, ही दक्षता अखेर आपल्यालाच घ्यावयाची आहे. त्यातून सावळ्या वर्णावर इसब लाल न दिसता करडा वा जांभळट दिसतो, त्यामुळे घरच्या नजरेला चकवा बसणे सहज शक्य असते. मुलाचे दूध किंवा अंडी सल्ल्यावाचून बंद करणेही अयोग्यच. त्याने इसब क्वचित हटतो, वाढ मात्र खुंटू शकते.

विज्ञानाची मर्यादाही येथे सांगितली पाहिजे. जन्मापासून रोज स्निग्ध मलम लावल्याने इसब टळेल, ही आशा १,३९४ अर्भकांवरील ब्रिटिश चाचणीने २०२० साली फोल ठरवली. म्हणजे मलम रोगाला आवर घालते, त्याचे येणे रोखीत नाही. तीव्र इसबासाठी २०१७ पासून ड्युपिलुमॅबसारखी इंजेक्शने उपलब्ध झाली आहेत, आणि ज्यांना ती लागतात त्यांच्यासाठी ती मोठीच प्राप्ती आहे. परंतु बहुसंख्य रुग्णांचे सौख्य याहून साध्या गोष्टीवर अवलंबून असते. त्वचा निवळली की आपण मलम फडताळात टाकतो, आणि पुढच्या उसळीचे बीज नेमके तेव्हाच पेरले जाते, कारण वरून निर्मळ दिसणाऱ्या त्वचेतही सूक्ष्म दाह धुमसत असतो. म्हणूनच वारंवार इसब उठणाऱ्या जागी, तो शांत असतानाही, आठवड्यातून दोनदा स्टेरॉइडसारखे औषधी मलम लावण्याची पद्धत तज्ज्ञ सुचवतात. तेव्हा डॉक्टरांकडे गेल्यावर हा रोग कधी जाईल एवढेच न विचारता, उसळीच्या दिवसांत काय करावयाचे आणि शांत दिवसांत काय, ही दुहेरी तजवीज त्यांच्याकडून कागदावर लिहून घ्यावी, आणि तिच्या दुसऱ्या भागाचे पालन पहिल्याइतक्याच निष्ठेने करावे.