प्रबंध कपाटात, प्रश्न पारावर

हिंगोली जिल्ह्याला स्वतःचे विद्यापीठ नाही. इथली महाविद्यालये नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाला जोडलेली, आणि शेतीच्या संशोधनासाठी वाट परभणीच्या कृषी विद्यापीठाची. तरीही प्राध्यापकाने समाजाच्या प्रश्नांवर कसे बोलावे, याचा मोठा धडा इथल्याच माणसाने घालून दिला. नरहर कुरुंदकर वसमत तालुक्यातल्या कुरुंद्याचे. नांदेडच्या पीपल्स कॉलेजात ते मराठी शिकवत, पण लिहीत मनुस्मृतीवर, हैदराबादच्या मुक्तिसंग्रामावर, गांधीहत्येवर. ‘जागर’ आणि ‘शिवरात्र’ ही त्यांची पुस्तके उघडून पाहावीत: प्रतिपक्षाचे म्हणणे आधी नीट मांडायचे, मग ते खोडायचे, आणि खोडताना पुरावा वाचकासमोर ठेवायचा. प्राध्यापकाच्या मताला किंमत येते ती या उघड्या पुराव्यामुळे. हुद्द्यामुळे नव्हे.

मराठीच्या मास्तराने इतिहासात आणि राजकारणात का पडावे, हा आक्षेप जुना आहे, आणि अगदीच पोकळ नाही. पदवीच्या जोरावर वाटेल त्या विषयावर ठोकून देणारे आजही कमी नाहीत. पण त्यावरचा उपाय गप्प बसणे नाही; मोजमाप दाखवून बोलणे हा आहे. गोखले संस्थेतले अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या सत्यशोधन समितीने 1984 साली जिल्हा हे एकक धरले, राज्याची सरासरी काढली आणि विकासात तिच्यापासून कोण किती मागे आहे ते रुपयांत मांडले. मराठवाड्याचा अनुशेष सुमारे 750 कोटींचा निघाला. सरकारने अहवाल रीतसर स्वीकारला नाही, पद्धतीवर वादही झाले. पण वाद घालता आला, कारण हिशेब समोर होता. मागासलेपणाच्या तक्रारीला आकडा मिळाला आणि ‘अनुशेष’ हा शब्द सभांमध्ये रुळला. त्या हिशेबात हिंगोली वेगळी दिसत नाही. ती तेव्हा परभणी जिल्ह्यात होती, जिल्हा झाला 1 मे 1999 रोजी.

आज प्रबंध ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर सर्वांना खुले आहेत, मग आणखी काय हवे, असे कोणी विचारील. प्रबंध संकेतस्थळावर असणे वेगळे आणि सेनगावच्या हळद उत्पादकाला तो समजणे वेगळे. प्राध्यापकाची अडचणही खरी आहे. बढतीच्या गुणांत शोधनिबंधाला जे वजन, ते वर्तमानपत्रातल्या लेखाला नाही. आणि तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्याने सरकारी धोरणावर बोट ठेवायचे तर पुढच्या वर्षीच्या नेमणुकीचा विचार करूनच. त्याच्याकडून कुरुंदकरांच्या धिटाईची अपेक्षा करणे सोपे, पण अन्यायाचे. म्हणून ही जबाबदारी एकट्यादुकट्यावर न टाकता महाविद्यालयांनी उचलावी. हळद, ऊसतोड, स्थलांतर, कर्ज यांवर जिल्ह्यात झालेल्या प्रत्येक प्रबंधाचा दोन पानी मराठी सारांश, आकडे कुठून आले त्यासह, संबंधित गावच्या ग्रामसभेत वाचला जावा. आणि गावकऱ्यांनीही तो नुसता ऐकून घेऊ नये. आकडा चुकीचा वाटला तर तिथेच उभे राहून हिशेब मागावा.